विषावरील उतारा



इंदूरच्या ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, तिच्याच व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. निमंत्रणपत्रिकेवरील विषय वाचून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर संतवाङ्मय आणि व्याकरण शिकविणाऱ्या माणसाने सायनाइडच्या विषबाधेवर आणि तिच्या उताऱ्यावर बोलावे, हा अधिकारातिक्रम नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी शेवटी देणार होतो. पण ऋण आधी कबूल करावे आणि मग फेडावे, हेच बरे.

ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, ते आमचे सर रसायनशास्त्र शिकवीत. शाळेच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी छायाचित्रे धुण्याची एक अंधारी खोली उभी केली होती. लाल दिव्याच्या मंद उजेडात कागदावर हळूहळू चेहरा उमटू लागे, आणि आम्ही मुले श्वास रोखून पाहत असू. उमटलेला चेहरा उजेडात काळवंडून जाऊ नये म्हणून तो कागद एका द्रावणात बुडवावा लागे. त्या द्रावणाला सर 'हायपो' म्हणत. शास्त्रीय नाव सोडियम थायोसल्फेट. "चेहरा टिकवतो तो हा," असे ते सांगत.

पुढे १९८४ साली, डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांमधील रात्री, भोपाळ येथे युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. भोपाळ आपल्यापासून दोनशे किलोमीटरही नाही. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक तिथली. काही दिवसांनी सर माझ्या घरी आले. ते निवृत्त झाले होते आणि मी महाविद्यालयात अध्यापक होतो. हातात वर्तमानपत्र होते. म्हणाले, "अरे, हायपोची सुई देतात म्हणे तिथे. हे कसे काम करते, ते आपल्या माणसांना मराठीत कळायला हवे. रसायन मी सांगतो, भाषा तुझी. एक लेख लिही." मी म्हणालो, "सर, तो माझा प्रांत नाही." ते काही बोलले नाहीत. वर्तमानपत्राची घडी घातली, चहा घेतला आणि गेले. तो लेख मी लिहिला नाही. आज जे बोलणार आहे, तो तोच लेख आहे. उशिरा का होईना.

प्रारंभ माझ्या प्रांतातूनच करतो. 'उतारा' हा मराठी शब्द मोठा अर्थवाही आहे. ग्रंथातून घेतलेला तो उतारा, शेतजमिनीचा सातबारा तोही उतारा, बाधा काढण्यासाठी ओवाळून तिठ्यावर ठेवतात तोही उताराच. विषाच्या बाबतीत मात्र या शब्दामागे एक पूर्ण कल्पना आहे. आपल्या भाषेत विष 'चढते'. म्हणून ते 'उतरवावे' लागते. संस्कृतातील 'अगद' या शब्दाचा अर्थ 'रोग नाहीसा करणारा'. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नावच अगदतंत्र आहे. परंतु विष चढते म्हणजे नेमके कोठे चढते, आणि उतरते म्हणजे कोठे जाते? हा प्रश्न विचारल्याशिवाय उताऱ्याचे मर्म कळत नाही.

सायनाइडची कथा एका रंगापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिन येथे डीसबाख नावाच्या रंगकाराच्या हातून अपघाताने एक गडद निळा रंग तयार झाला. तोच पुढे 'प्रशियन ब्लू' या नावाने प्रसिद्धीस आला. १७८२ साली स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले याने त्या रंगापासून एक आम्ल वेगळे काढले. ते प्रुसिक आम्ल, म्हणजेच आजचे हायड्रोजन सायनाइड. 'सायनाइड' हा शब्द ग्रीक भाषेतील गडद निळ्या रंगाच्या नावावरून आला आहे. विष आणि निळेपणा यांची सांगड आपल्याला नवी नाही. आपण तर हलाहल पचविणाऱ्या देवालाच नीलकंठ म्हणतो. मात्र येथे एक गंमत ध्यानात ठेवावी. हे विष नावाने निळे असले, तरी त्याने ग्रासलेल्या माणसाचे रक्त पुष्कळदा नेहमीपेक्षा अधिक लाल दिसते. असे का, हे कळले की अर्धा विषय कळला.

त्या निळ्या रंगात सायनाइड असते, पण ते लोहाशी इतके घट्ट बांधलेले असते की तो रंग विषारी ठरत नाही. सायनाइडला लोहाची विलक्षण ओढ आहे. ही एक गोष्ट आपण पक्की धरून ठेवू. याच ओढीने हे विष रंगात बंदिस्त झाले, याच ओढीने ते माणसाला मारते, आणि वैद्य त्याला पकडतात तेही याच ओढीचा लाभ घेऊन.

आपण श्वास घेतो तेव्हा प्राणवायू फुप्फुसांतून रक्तात येतो. रक्तातील हिमोग्लोबिन तो वाहून शरीरातील प्रत्येक पेशीच्या दाराशी नेते. पेशीच्या आत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्नातून मिळालेली ऊर्जा तेथे टप्प्याटप्प्याने मोकळी होते, आणि शेवटच्या टप्प्यावर प्राणवायू खर्ची पडून पाणी बनते. हा अखेरचा टप्पा पार पाडणाऱ्या विकराचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. त्याच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना श्वसनविकरावरील संशोधनासाठी १९३१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या क्षेत्रातील कामासाठीच.

सायनाइड थेट त्या लोहाच्या अणूवर जाऊन बसते, आणि प्राणवायूचा वापर तत्क्षणी थांबतो. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, हृदय तो पोहोचवीत असते, पण पेशी तो घेऊ शकत नाही. तुडुंब भरलेल्या विहिरीच्या काठावर माणसाने तहानेने प्राण सोडावा, तसा हा प्रकार आहे. पेशींनी न घेतलेला प्राणवायू तसाच परत फिरतो, म्हणून शिरांतील रक्तही धमन्यांतील रक्तासारखे लाल राहते. डोळ्याचा पडदा तपासणाऱ्या वैद्याला तेथील शिरा आणि धमन्या एकाच रंगाच्या दिसू शकतात. दरम्यान पेशी प्राणवायूविना जमेल तशी ऊर्जा निर्माण करू पाहते, त्यातून लॅक्टिक आम्ल साचते, आणि सर्वांत आधी मेंदू व हृदय हार मानू लागतात. सारे काही मिनिटांचे काम असते.

आता उतारा. त्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तिन्हींचे तर्कशास्त्र वेगवेगळे आहे.

पहिली तऱ्हा आमिषाची. सायनाइडला त्रिसंयुजी लोह, ज्याला फेरिक लोह म्हणतात ते, विशेष प्रिय असते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनात लोह विपुल आहे, पण ते द्विसंयुजी, फेरस अवस्थेतले. त्यातले थोडे लोह फेरिक केले तर? नायट्राइट या क्षाराने नेमके हेच होते. हिमोग्लोबिनाचा काही भाग मेथहिमोग्लोबिनात बदलतो, आणि पेशींतील सायनाइड हळूहळू तिकडे ओढले जाते. अमाइल नायट्राइटचा कुत्र्यांवरील उपयोग १८८८ सालीच दिसून आला होता. पुढे १९३३-३४ च्या सुमारास अर्जेंटिनातील हुग आणि अमेरिकेतील चेन व त्यांचे सहकारी यांनी नायट्राइट व थायोसल्फेट यांची जोडी सिद्ध केली. आधी अमाइल नायट्राइटची वाफ हुंगविणे, मग शिरेतून ३०० मिलिग्रॅम सोडियम नायट्राइट, आणि पाठोपाठ साडेबारा ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, ही प्रौढांसाठीची पद्धत अनेक दशके प्रमाण मानली गेली.

विषाला विषच औषध, असे आपले जुने लोक म्हणत. ते येथे शब्दशः खरे ठरते. मेथहिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. म्हणजे उतारा देताना आपण रक्ताची थोडी शक्ती जाणूनबुजून काढून घेतो. शिवाय नायट्राइटने रक्तदाबही उतरतो. निरोगी माणूस हा तोटा सोसतो. पण आगीच्या धुरात सापडलेल्याच्या रक्तात आधीच कार्बन मोनॉक्साइडने प्राणवायूची जागा अडविलेली असते, त्याला हा उतारा घातक ठरू शकतो. उतारा द्यायचा तो रोगी पाहून, हे सूत्र येथे अधोरेखित होते. मेथहिमोग्लोबिन तयार होण्यास वेळ लागतो, गुण मात्र त्याआधीच दिसू लागतो, असेही पुढे आढळले. नायट्राइटपासून निर्माण होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचाही त्यात वाटा असावा, असे आता मानतात. म्हणजे औषध लागू पडत होते, पण का, याचे आपले स्पष्टीकरण अपुरे होते. विज्ञानात असे घडते, आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही.

दुसरी तऱ्हा बंदिवासाची. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत लोहाचा क्रमांक २६ आणि त्याचा शेजारी कोबाल्ट २७. सायनाइडला या शेजाऱ्याचीही तेवढीच ओढ. कोबाल्टचे साधे क्षार स्वतःच विषारी असतात. पण निसर्गाने कोबाल्टचा अणू एका सुरक्षित चौकटीत बसवून ठेवला आहे, आणि ती चौकट म्हणजे 'बी-१२' जीवनसत्त्व. त्याच्या हायड्रॉक्सोकोबालामिन या रूपाला सायनाइड भेटले की दोहोंचे मिळून सायनोकोबालामिन बनते. औषधाच्या दुकानात 'बी-१२' म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत हेच सायनोकोबालामिन असते! जीव घेणारे विष जीवनसत्त्वाचा भाग होऊन मूत्रावाटे निघून जाते. येथे नीलकंठाची आठवण झाल्यावाचून राहत नाही: विष नष्ट झालेले नसते, ते धरून ठेवलेले असते.

अडचण मात्रेची आहे. बी-१२ चा रेणू अवजड, सायनाइडचा हलका, आणि एकास एक असा व्यवहार. म्हणून प्रौढाला ५ ग्रॅम औषध सुमारे पंधरा मिनिटांत शिरेतून द्यावे लागते. आपली रोजची गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम, तिच्या हिशेबाने ही मात्रा वीस लाख पटींची झाली. एवढे देऊनही त्यात जेमतेम एक दशांश ग्रॅम सायनाइड बांधले जाते. रोग्याची त्वचा आणि लघवी काही काळ लाल होते, पण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होत नाही. म्हणूनच धुरात सापडलेल्यांसाठी हा उतारा श्रेयस्कर मानतात. फ्रान्समध्ये तो आधीपासून वापरात होता; अमेरिकेत त्याला २००६ साली मान्यता मिळाली. धुराचा उल्लेख मी मुद्दाम करतो. लोकर, रेशीम, नायलॉन आणि गाद्या-सोफ्यांतील फोम जळताना हायड्रोजन सायनाइड निघते. आगीतून वाचवून आणलेल्यांच्या रक्तातही सायनाइड वाढलेले असते, हे पॅरिसमधील डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. म्हणजे हे विष केवळ रहस्यकथांतले नव्हे. ते आपल्या दिवाणखान्यात निद्रिस्त आहे.

तिसरी तऱ्हा रूपांतराची, आणि हीच सरांची हायपो. आपल्या शरीरात, विशेषतः यकृतात, रोडेनीज नावाचे विकर असते. १९३३ साली लांग यांनी त्याचे वर्णन केले. गंधकाचा एक अणू सायनाइडला जोडून ते त्याचे थायोसायनेट करते. थायोसायनेट कितीतरी सौम्य असते आणि लघवीवाटे निघून जाते. थायोसायनेट लोहाच्या संयोगाने लाल रंग देते, म्हणून ग्रीक भाषेतील गुलाबाच्या नावावरून त्याला पूर्वी 'रोडेनाइड' म्हणत. विकराचे नाव त्यावरूनच पडले. निळ्या नावाच्या विषाचे गुलाबाच्या नावाच्या क्षारात रूपांतर व्हावे, हे भाषेच्या विद्यार्थ्याला भुरळ घालणारे आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की विकर शरीरात भरपूर असते. कमी पडतो तो गंधक. थायोसल्फेट शरीराला तो गंधक पुरविते. पहिल्या दोन तऱ्हा विषाला धरून ठेवतात. ही तऱ्हा विषाचा स्वभावच पालटते. मात्र थायोसल्फेट पेशींच्या आत चटकन शिरत नाही, त्याचे काम संथ चालते. म्हणून त्याला वेगवान जोडीदार लागतो. आणि या साऱ्यांच्या आधी, साऱ्यांच्या बरोबर, शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो.

हा उतारा आपल्या ताटाशीही जोडलेला आहे. माळव्यात सोयाबीन येण्यापूर्वी ज्वारीची शेते दूरवर पसरलेली असत. ज्वारीच्या कोवळ्या किंवा पावसाअभावी खुरटलेल्या ताटांत गुरांना सोडू नये, हे आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. त्या ताटांत धुरिन नावाचा पदार्थ असतो आणि तो चावला गेला की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. अरबी भाषेतील ज्वारीच्या नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. अशा गुरांवर पशुवैद्यही नायट्राइट आणि थायोसल्फेट यांचाच उपचार करतात. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून तमिळनाडूत सेलमकडे बनतो, त्या टॅपिओकातही सायनाइड देणारे द्रव्य असते. कंद किसून, धुऊन, सत्त्व निवळून, भाजून ते काढून टाकले जाते. आफ्रिकेत काँगो, मोझांबिक यांसारख्या देशांत दुष्काळाच्या वा युद्धाच्या काळी हा कंद घाईघाईने, पुरेसा न भिजवता खाल्ला जातो आणि सोबत प्रथिने मिळत नाहीत. मग माणसांचे, विशेषतः मुलांचे आणि स्त्रियांचे पाय कायमचे ताठरतात. या रोगाला 'कोंझो' म्हणतात. तेथील याका भाषेत त्याचा अर्थ 'बांधलेले पाय'. १९३८ साली त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले. विष सर्वांच्याच पोटात जाते; पण ज्याच्या ताटात डाळ, दूध, अंडी यांतून येणारा गंधक असतो, त्याच्या शरीरात उतारा तयार असतो. ज्याच्या ताटात तो नसतो, त्याचे पाय बांधले जातात. गरिबीचा इतका रोकडा रासायनिक पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता पुन्हा भोपाळ. सुटलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता आणि तो फुप्फुसे जाळतो, हे निर्विवाद होते. वाद होता तो असा, की लोकांच्या शरीरात सायनाइडचेही विष होते काय? शवविच्छेदन करणारे भोपाळचे डॉ. हीरेश चंद्र यांना रक्त लालभडक दिसले आणि त्यांनी थायोसल्फेटचा आग्रह धरला. म्युनिकचे विषतज्ज्ञ माक्स डाउंडरर तेच औषध घेऊन आले होते. दुसऱ्या पक्षाला ही शंका मान्य नव्हती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८५ च्या आरंभी नियंत्रित चाचणी केली. थायोसल्फेट दिल्यावर लघवीतील थायोसायनेट वाढते आणि काही रोग्यांना आराम पडतो, असे दिसल्यावर फेब्रुवारी १९८५ मध्ये परिषदेने ते देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही ते सरसकट सर्वांना दिले गेले नाही. स्वयंसेवी डॉक्टरांनी ते देण्यासाठी चालविलेल्या केंद्रावर जून १९८५ मध्ये पोलिसांची कारवाई झाली. शास्त्रीय वाद पुढेही मिटला नाही, आणि निवाडा देण्याचा अधिकार माझा नव्हे. पण एक गोष्ट माझ्या अधिकारातली आहे. ज्या औषधाविषयी डॉक्टर आणि अधिकारी भांडत होते, ते काय आहे, हे ज्यांच्या दंडात ते टोचले जाणार होते त्यांना कोणीही त्यांच्या भाषेत सांगत नव्हते. ज्यांनी मागितले त्यांना ते का मागावे हे कळत नव्हते, आणि ज्यांनी नाकारले त्यांना ते का नाकारावे हेही कळत नव्हते. रोग्याच्या संमतीला अर्थ यायचा असेल, तर आधी शब्दाला अर्थ यावा लागतो. ते काम माझे होते.

त्या दिवसांत भोपाळमध्ये काढलेली कृष्णधवल छायाचित्रे आपण पाहिली आहेत. ते चेहरे कागदावर टिकून राहिले ते बहुधा याच क्षाराच्या द्रावणामुळे. मृतांचे चेहरे जपणारी हायपो जिवंतांपर्यंत पोहोचली की नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत आला आहे. सरांनी त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी घातली तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, हेही आता विचारता येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. दागिन्यांना मुलामा देण्याच्या आणि चांदी उजळण्याच्या कामात सायनाइडयुक्त द्रावणे वापरली जातात. ज्यांच्या घरी हा व्यवसाय आहे त्यांनी ती कुलपात, बाटलीवर ठळक नाव लिहून, खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवावीत. कोणी या विषाने वा आगीच्या धुराने कोसळला, तर आपण स्वतः त्या हवेत न घुसता अग्निशामक दलाला बोलवावे. बाहेर आणलेल्याला मोकळी हवा द्यावी, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये, कपड्यांना विष लागले असेल तर ते काढून अंग धुवावे, आणि इस्पितळात 'सायनाइडची शंका आहे' हे तीन शब्द स्पष्ट सांगावेत. उतारा तेथील डॉक्टरांनी द्यायचा. पण त्यांना वेळेवर ते तीन शब्द देणे आपल्या हाती आहे.

आणखी एक सांगायचे राहिले. ज्या निळ्या रंगातून हे विष निघाले, तोच प्रशियन ब्लू आज थॅलियम आणि किरणोत्सारी सीझियम यांच्या विषबाधेवर उतारा म्हणून पोटात देतात. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया येथे सीझियमची दुर्घटना झाली, तेव्हा तो रोग्यांना देण्यात आला. विष आणि उतारा या दोन वेगळ्या वस्तू नसतात. मात्रा, वेळ आणि ज्ञान यांनी एकाचे दुसरे होते. यांतले ज्ञान आपल्या भाषेत असावे, एवढेच सरांचे मागणे होते. मी ते एकदा नाकारले. तुमच्याकडे कोणी असे मागणे घेऊन आले, तर 'तो माझा प्रांत नाही' असे म्हणू नका.

सरांच्या स्मृतीस वंदन करून येथेच विराम घेतो.